मेश्राम सरांचा सक्तीचा देव

देव नाही, असं ठाम मानणारा माणूस कॅथलिक कॉलेजात पगार घेऊन देव सिद्ध करायचा. हे आमचे मेश्राम सर. घर हुडको कॉलनीत, बैठकीत बाबासाहेब आणि बुद्ध, आणि कॉलेजात बी.कॉम.च्या पोरांना सक्तीचा पेपर: 'माणूस, नीती आणि ईश्वर'. फादर लोकांना दुसरा कोणी मिळाला नाही, हे खरं कारण.

देवाच्या बाजूचे पुरावे सर असे मांडायचे की मागच्या बाकावरचे टवाळही गप्प व्हायचे. मग खडू ठेवून म्हणायचे, "मुझे नहीं जमता. लेकिन बात में दम है." पुढच्या तासाला तीच बात वीट वीट करून पाडायचे. फादर दारात दिसले की त्यांनाच विचारायचे, "फादर, आपकी तरफ से कुछ छूटा तो नहीं?"

परीक्षेआधी एकानं विचारलं, "सर, भगवान है लिखना है, कि नहीं है?"

"दोनों लिखो. जो नहीं मानते, वो ज्यादा अच्छे से लिखो."

मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहितो. एकदा त्यांना जिन्यातच अडवलं. "सर, आपल्या बाबासाहेबांच्या घरचे होऊन तुम्ही देव शिकवून राहिले?"

"तुले त्यायचं म्हणणं सांगता येते?"

"नाही."

"मंग विरोध कायचा करून राहिला बे? आधी शिक, मंग हाण."

शिवाय माझ्याच पत्रकाच्या पाठीवर त्यांनी विरोधी बाजू लिहून दिली. माझ्याहून जोरदार! दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

यंदा कॉलेजनं तो पेपर ऐच्छिक केला. सूचनेत लिहिलं, 'विद्यार्थ्यांना निवडीचं स्वातंत्र्य'. साफ खोटं! त्याच तासाला टॅली, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाचा वर्ग ठेवला. ठेकेदाराच्या ऑफिसात नोकरी मागणाऱ्या पोरानं टॅली सोडून नीती घ्यायची? नवे फादर म्हणाले, "मार्केट की डिमांड है." मार्केटची सक्ती कोणालाच सक्ती वाटत नाही. सरांच्या पेपरला एकानंही नाव दिलं नाही. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची, ती संपली. शाल दिली, फोटो काढला, मोकळे झाले.

जन्मभर सक्तीविरुद्ध घोषणा देणाऱ्या मीच निवेदन लिहिलं: पेपर सक्तीचा करा, सरांना परत घ्या. पोरांच्या सह्या झाल्या. सरांची घ्यायला हुडकोत गेलो. काकू वारल्यापासून ते एकटेच असतात. टीव्ही मोठ्यानं सुरू होता, बघत कोणी नव्हतं.

"सर, पेपर काढला तं तुम्ही भांडले नाही कावून?"

"पोरं सक्तीनं येत होते, ते मले ठाऊक होतं रे," ते म्हणाले. "पण आल्यावर भांडत होते ना."

मी कागद पुढे केला.

"करतो सही. आधी चहा घे."

चहा झाला. मी पेन दिलं. त्यांनी ते टीव्हीपाशी ठेवलं आणि आत जाऊन पुन्हा दोन कपांचं आधण चढवलं.