गुणाजींची शेवटची शिफ्ट

ऊन हा निव्वळ मनाचा खेळ आहे, असं मी पेणच्या रामवाडीत सकाळी आमच्या सायकल गटाला सांगितलं. मी गटाचा प्रमुख. ऐन मे महिन्यात पेण ते गोवा सायकलने जायचं, ही कल्पनाही माझीच.

"जेवायला थेट रोहा," मी बजावलं. "तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही."

गडब येईपर्यंत माझं मन खेळून दमलं. नागोठण्याला मांड्यांनी राजीनामा दिला. रस्त्याचा तवा झाला होता आणि मी त्यावरची भाकरी. सुटलेल्या पोटाचा हरेश मला मागे टाकताना थांबला.

"सुजय, बरा आहेस ना?"

"प्रमुखाने शेवटी राहायचं असतं," मी म्हणालो.

गट दिसेनासा झाला, तसा मी बेत ठरवला. निडी स्टेशनवर सायकलसकट गाडीत चढायचं, रोह्याला उतरायचं, तोंडावर पाणी मारून घामाघूम दिसायचं. त्याआधी थोडं टेकावं म्हणून रस्त्यालगतच्या तळ्याकाठी आंब्याखाली सायकल लावली आणि आडवा झालो. पलीकडे बरीच माणसं बसली होती. तीही उन्हाने दमली असतील, असं मला वाटलं.

डोळे उघडले तेव्हा ती सगळी माझ्याभोवती हात जोडून उभी होती. सायकलच्या हँडलवर एक कावळा बसला होता. मी "हुश्श" म्हणून हात उगारला, तर एका माणसाने माझं मनगट धरलं.

"मारू नका. माझे बाबा हायत ते."

मी हात खाली घेतला आणि कावळ्याला सॉरी म्हणालो.

मनगट धरणाऱ्याचं नाव जगन. त्याचे वडील गुणाजी यांचा आज दहावा. सकाळपासून पिंडाला कावळा शिवत नव्हता. जगनने शेताची वाटणी भांडण न करता करीन म्हणून पाहिलं, आईला नीट सांभाळीन म्हणून पाहिलं, दारू सोडतो म्हणूनही पाहिलं. कावळा फिरकला नाही. शेवटी आला तो माझ्या सायकलवर.

गुणाजींची बायको हौसाबाई पुढे आली. "तिथं नाय बसणार तर कुठं बसणार? जल्म सायकलवर गेला त्यांचा. रोज रोह्याला कंपनीत सायकलनीच जायचे."

"म्हातारपणी सायकल भंगारात आम्हीच घातली," जगन खाली बघत म्हणाला.

हौसाबाईने कावळ्याला विचारलं, "जायचंय का रोह्याला?"

कावळा ओरडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सायकल तुम्हीच घेऊन जा ना," मी अगदी मनापासून म्हणालो. सायकल नसली की गाडीत चढायला सोपं. पण जगनने हँडलला हात लावताच कावळ्याने त्याच्यावर चोच उगारली.

"राग हाय अजून," हौसाबाई म्हणाली. "तुमीच न्यायला पायजे."

मी तब्येतीचं सांगितलं. कावळ्याने एक डोळा माझ्यावर रोखला. माझा धीर सुटला.

"बरं, नेतो गुणाजींना रोह्याला."

कावळा सरळ उडाला आणि पिंडाला शिवला. बायका रडल्या, जगन माझ्या पाया पडला. यानंतर कुठल्या तोंडाने निडी स्टेशन गाठणार?

गुणाजींचा हार घातलेला फोटो नायलॉनच्या दोरीने माझ्या हँडलला बांधला गेला. मागून टेम्पोत सगळं भावकीतलं मंडळ, टाळ वाजवत. फोटोच्या काचेवरून ऊन थेट माझ्या डोळ्यांत येत होतं आणि वाऱ्याने झेंडूच्या पाकळ्या तोंडात. निडीला गाडी फलाटाला लागलेलीच होती. मी जरा वेग कमी केला.

"शिफ्ट चुकंल त्यांची," टेम्पोतून हौसाबाईचा आवाज आला.

रोह्यात कंपनीच्या गेटसमोरच आमचा गट कोकम सरबत पीत बसला होता. आधी हार घातलेला फोटो, मग मी, मागे भजन, हे पाहून सगळे उठून उभे राहिले. हरेशने हेल्मेट काढलं.

"सुजय, कोण गेलं रे?"

"हे गेलेत," मी फोटोकडे बोट दाखवलं. "मी वाटेवर आहे."

गेटवरच्या वॉचमनने फोटो ओळखला आणि सलाम ठोकला. हौसाबाईने पदराने काच पुसली. "पोचले हो वेळेवर," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले; घाम म्हणावं तर तो केव्हाच संपला होता.

मी दोरीची गाठ सोडायला लागलो. तिने माझा हात धरला.

"सोडता कशाला? शिफ्ट सुटल्यावर घरी नाय यायचे काय ते?"

मी हरेशकडे पाहिलं. तो ग्लासात बघायला लागला.

गट गोव्याला पोचला, असं मला फोनवर कळलं. तेव्हा मी गुणाजींच्या खाटेवर पालथा पडलो होतो आणि जगन माझ्या पोटऱ्यांना खोबरेल चोळत होता.