वीस मिनिटे पुढे पळालेल्या राज्याची हकिकत

श्री कालपुरुष प्रसन्न, लंबक साक्ष. “बाईसाहेब, आपल्या राज्यात खरे किती वाजले?” हा सवाल पुसण्याची पैज लागली तो दिवस शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, आषाढ वद्य षष्ठी, शाळा सकाळी सातची. राज्याचे नाव सांगो नये. दोन मजले, एक फाटक, आणि दिवाणखान्यात एक थोरले घड्याळ, त्याजवर सर्व कारभार चाले.

त्या राज्यात नववी अ प्रांती उत्कर्षा सोनटक्के नामे कन्या होती. तिने अमेरिका मुलुखीच्या बेंजामिन बॅनेकर नामे कृष्णवर्णी गृहस्थाची कीर्ती वाचिली की, त्याच्या रंगाचे बहुत लोक गुलामीत असता याने उसने घड्याळ न्याहाळून लाकडाची चक्रे कोरिली आणि ठोके देणारे घड्याळ उभे केले. ते वाचून कन्येच्या अंगात वारे शिरले आणि मग आंब्याच्या पेट्या फोडून, बोटे सोलून, चार महिन्यांत तिने आपलेही लाकडी घड्याळ चालते केले आणि ते तालुक्याच्या प्रदर्शनास निवडले गेले. परंतु कायदा ऐसा की तीनदा उशीर जाहल्यास प्रदर्शनातून नाव खारीज, आणि कन्येचे दोन भरले होते.

त्या दिवशी लाकडी घड्याळात पावणेसात पाहून ती निघाली, दहा मिनिटांत पोचली, तो फाटक बंद! दगडूमामा शिपाई वदले, “सव्वासात झाले पोरी. तिसरा उशीर.” आतून तिच्या वर्गमैत्रिणी झैनब आणि पल्लवी खिदळल्या, “विचार की हेडबाईंना! हिंमत नसली तर वडापाव तुझ्याकडून!” इतक्यात हेडबाईसाहेबांची स्वारी आली. कन्येने आपल्या लाकडी घड्याळाचा दाखला देऊन सवाल पुसलाच.

बाईसाहेब भडकल्या, “त्या फळकुटावर भरवसा ठेवू? आपलं घड्याळ फार तर दहा मिनिटं पुढे असेल, ते मीच केलंय, शिस्त लागावी म्हणून!” आणि जीभ चावली. मग दगडूमामा खाकरले, “बाई, पाच माझीपण. मला वाटलं, कुणीच केलं नाही.” उपमुख्याध्यापक कोपऱ्यातून पुटपुटले, “पाच... आमचीही.” तोच मामांच्या खोलीतल्या रेडिओवर सातचे ठोके पडले, आणि दिवाणखान्यात सात वीस! समस्त रयत खो खो हसली.

पल्लवीच्या मात्र ध्यानी आले आणि ती किंचाळली, “अगं बये, सुटीपण वीस मिनिटं लवकर व्हायची ना! काय केलंस हे!” बाईसाहेब आधी लाल जाहल्या, मग हसल्या, मग खुर्चीवर चढून स्वहस्ते काटे मागे घेतले. तिन्ही उशीर पुसले, आणि लाकडी घड्याळ प्रदर्शनास रवाना करण्याचा हुकूम सुटला. वडापाव झैनबने दिला, तिखट चटणीसह.

तात्पर्य, प्रत्येकाने परस्पर काटा पुढे ढकलिला तर शिस्त कुणासच लागत नाही, फाटक मात्र खऱ्या वेळी आलेल्यास लागते. आणि त्याच दिवशी घरी पोचताच कन्येने कमरेस हात लावून जाहीर केले, “आई, बाबा, ऐका. सुटीत मी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकाकांकडे काम शिकायला जाणार, ठरलं. आणि उद्यापासून सहाला ‘साडेसहा वाजले, ऊठ’ म्हणून कुणी ओरडायचं नाही. सहाला सहाच म्हणा, मी उठते!”