हणमंतराव खैरमोडे यांनी आसन राखिले त्याची हकीकत

श्रीवरुण प्रसन्न. ज्याच्या कृपेने लाकूड तरते आणि ज्याच्या रोषाने पोहणाराही तळास जातो त्यास आरंभी नमन करून, शके १९४०, विलंबी नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका नदीकाठच्या राज्यात जे वर्तमान घडले ते जसे कानी आले आणि जसे मनास पटले तसे लिहितो. उणे असेल ते थोरांनी पदरी घ्यावे.

ते राज्य म्हणजे लोक ज्यास बोट क्लब म्हणत. मुलूख केवढा, तर धरणाच्या भिंतीपासून रेल्वेच्या पुलापावेतो पाऊण कोस पाणी, दोन पत्र्याच्या शेडी आणि एक चहाची टपरी. परंतु डौल अटकेपार झेंडे लाविल्याचा. राज्याची रीत उफराटी. वल्हेकरी वीर ज्या दिशेस चालून जात तिकडे पाठ करून बसत, पुढची वाट एकटा सुकाणूदार पाही, आणि बाकीच्यांस मागे सांडलेले पाणी तेवढे दिसे. सुकाणूदाराच्या समोरचे आसन तालकऱ्याचे. तो जैसा ओढील तैसे सर्वांनी ओढावे. वल्हे खरे ओढिले म्हणजे पाण्यात काळा खोल भोवरा उठे आणि हात राखून ओढिले म्हणजे वर नुसता पांढरा फेस येई. बोटीतले सारे भोवरे तालकऱ्याच्या नजरेखालून मागे जात, म्हणोन त्याजपासून काही लपत नसे.

त्या आसनी हणमंतराव खैरमोडे चौदा वर्षे बसत आले. वय बेचाळीस, कंबर दुखरी, आणि घरी बाईल म्हणे की आता पुरे. परंतु रावांचे म्हणणे, आसन गेले तर सकाळी पाचास उठोन मी जाऊ कोठे? यात खोटे काही नव्हते. त्या माणसास दुसरे जग नव्हते आणि हेच त्याचे दुःख होते.

त्या साली नवे सरखेल सुबोधपंत प्रशिक्षक म्हणोन आले आणि त्यांणी हुकूम केला की पौषातल्या मोठ्या शर्यतीस आठवल्ही नौका नेणे, सबब तालकऱ्याची परीक्षा होईल. परीक्षेस उभा केला केदार पाध्ये, वय बावीस. या केदारास सहा वर्षांमागे हणमंतरावांनीच मनगट कसे वळवावे आणि पाठ कशी टाकावी ते शिकविले होते, आणि पोर त्यांस दादा म्हणे. परीक्षा ऐसी की दोन चौवल्ह्या नौका बरोबरीने सोडाव्या, मग दोघा तालकऱ्यांनी नौका अदलाबदल करावी आणि पुनः सोडाव्या, बाकी वीर जागचे हलू नयेत. म्हणजे जो फरक पडेल तो त्या दोघांचा. आणि राज्याची जुनी चाल ऐसी की शेवटी दोघांनी ओल्या हातांनिशी सरखेलापुढे उभे राहून 'पाणी खरे', म्हणजे कोणी हात राखिला नाही, ऐसे म्हणावे. एकानेही 'खोटे' म्हटले तर परीक्षा रद्द. मात्र हरलेल्याने तसे म्हटल्यास लोक त्यास रडका म्हणत, म्हणोन ते तोंड जिंकणारानेच उघडावे ऐसा संकेत होता.

पहिल्या खेपेस हणमंतराव आपल्या तिघा जुन्या सोबत्यांसह बसले आणि केदार तिघा तरण्यांसह, आणि केदार एक नौकाभर पुढे गेला. राव काठास आले ते कंबर धरोन. त्यांचे सोबती, त्यांत यशवंत टिपरे मुख्य, एकमेकांकडे पाहू लागले. मग अदलाबदल जाहली. राव तरण्यांत गेले आणि केदार जुन्यांत आला, आणि दुसरी खेप सुटली. अर्ध्या वाटेवर रावांची नौका पुढे निघाली आणि मग निघतच गेली, आणि रावांच्या मनी आले की अजून आपल्यात दम आहे, आणि त्या आनंदात त्यांची नजर शेजारच्या पाण्यावर गेली. तेथे केदारची नौका मागे पडत होती. चार वल्ह्यांपैकी केदारचा भोवरा काळा होता आणि तिघांचा पांढरा. यशवंत व दोघे सोबती दादाचे आसन वाचावे म्हणोन हात राखून ओढीत होते. चौदा वर्षांची मैत्री, आणि तिणे हे ऐसे पांग फेडिले. राव दीड नौकेने जिंकले, म्हणजे दोहोंचा मेळ घालता अर्ध्या नौकेने आसन त्यांचे जाहले.

काठावर सुबोधपंतांनी विचारिले, "हणमंतराव, पाणी?"

रावांनी नदीकडे पाहिले, यशवंताकडे पाहिले, केदाराकडे मात्र पाहिले नाही. म्हणाले, "खरं."

मग केदारास विचारिले. तो पोर क्षणभर दादांच्या तोंडाकडे पाहात उभा राहिला, आणि मग त्याणेही तेच म्हटले. यशवंताने रावांच्या पाठीवर हात ठेविला तो रावांस निखाऱ्यासारखा लागला, परंतु त्यांणी तो झटकिला नाही.

पुढे पौषात मोठी शर्यत जाहली. पाऊण वाट सरेतोवर आठवल्ही दुसरी होती, मग रावांची कंबर धरली आणि ताल ढिला पडला, आणि पाठचे सातजण तालासवे ढिले पडले, आणि नौका सहांत पाचवी आली. लोक म्हणाले, होते कधी कधी. रावांस मात्र ते समाधान पचेना. चार दिवस त्यांणी अन्न चिवडिले आणि पाचव्या दिवशी सकाळी ते केदाराच्या घरी गेले. केदार परीक्षेनंतर शेडीकडे फिरकला नव्हता. दुसऱ्या शहरी नोकरी धरोन तो पेटी बांधीत होता, आणि तेथेही तलाव आहे, तेथेही क्लब आहे, ऐसे त्याणे आपण होऊन सांगितले. रावांनी बसावयासही नकार दिला आणि उभ्या उभ्या म्हणाले की सरखेलांस मी सारे सांगतो, आसन तुझे, जाऊ नको.

केदार म्हणाला, "दादा, पाणी मीपण बघत होतो. माझ्याच समोरून जात होतं ना ते."

राव म्हणाले, "मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." मग त्याणे पेटीचे झाकण दाबिले आणि म्हणाला, "आसनाचं काही नाही हो. पण वल्हं धरायला मी तुमच्याकडून शिकलो. आता ते सगळं दुसऱ्या कुणाकडून तरी पहिल्यापासून शिकावं लागेल."

मग त्याणे रावांस वाकोन नमस्कार केला, आणि रावांनी पाय मागे घेतले.

येणेप्रमाणे हणमंतराव खैरमोडे यांणी आसन अर्ध्या नौकेने राखिले. पुढील सालीही ते त्यावर बसले, कारण त्या राज्यात ते मागावयास दुसरे कोणी उरले नव्हते. इतके वर्तमान.