गुरुजींचा अणुबाँब

दुबलगुंडीत जग बुडवायचं काम अकरा वर्षं एकट्या नरसिंह गुरुजींकडं होतं! वाचनालयाच्या वार्षिक सभेत, शाळेपुढच्या वडाखाली, ते अणुबाँबवर बोलायचे आणि गाव श्वास रोखून ऐकायचं.

१९८७ साली वाचनालयानं चर्चेची स्पर्धाच ठेवली : 'मनुष्यजातीला सर्वांत मोठा धोका कशाचा?'

"पहिला नंबर आपलाच!" गुरुजी जेवताना बायकोला म्हणाले.

"ज्ञानोबाबी बोलणार हाय म्हणं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करायलाय न्हवं का."

"त्याला बाराखडी मी शिकवली!"

"व्हय. किती गुणाचं पोर!"

गुरुजींना ठसका लागला.

सभेच्या दिवशी ज्ञानोबा आधी गुरुजींच्या पाया पडला. तेच गुरुजींना जास्त झोंबलं. मग तो उभा राहिला. "दुष्काळ सरतो. रोगावर लस निघते. बाँबची कळ माणूस दाबतो, अन् माणसाला शेवटच्या घडीला दया येऊ शकती. पण उद्या मशीनच विचार करायला लागलं, अन् माणूस कशाला पायजे असं त्याला वाटलं, तर हात कुणाला जोडायचे?"

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या चन्नव्वानं विचारलं, "अप्पा, त्या मशीनला आई न्हाई?"

"न्हाई, अव्वा."

"अय्यो!" चन्नव्वा रडायलाच लागली. मागोमाग सगळ्या बाया. आणि सरस्वतीबाईंचाही पदर डोळ्यांना! अकरा वर्षांत बाँबसाठी त्यांनी एक टिपूस गाळलं नव्हतं!

गुरुजींनी ओळखलं, नुसत्या शब्दांनी आता भागणार नव्हतं. त्यांनी शाळेतून घमेलं आणलं, गोवऱ्या पेटवल्या आणि वर ओला कडबा कोंबला.

"गुरुजी, हे काय करायलाव?" अध्यक्ष हणमंतराव घाबरले.

"प्रात्यक्षिक! बाँबचा ढग कसा उठतो, बघा!"

"अहो, वर बघा वर! आग्या मोहोळ हाय!"

"अध्यक्षांनी मधी बोलू नये!"

ढग मात्र झकास उठला. छत्रीसारखा फुगत थेट फांदीला भिडला. वरून आधी नुसतं गुणगुणणं आलं, मग काळी चादर फाटावी तशा माश्या सुटल्या! लोक चपला सोडून पळाले. हणमंतराव टेबलाखाली शिरले. तिथं आधीच चार जण होते. ऐंशी वर्षांची चन्नव्वा सगळ्यांच्या पुढं धावत होती!

गुरुजींचा पाय धोतरात अडकला आणि ते घमेल्याशेजारीच आडवे झाले. तेवढ्यात कुणीतरी अंगावर झेप घेऊन त्यांना झाकलं. "हलू नका, गुरुजी!" ज्ञानोबाच होता.

माश्या पांगल्यावर टेबलाखालून हणमंतरावांनी निकाल दिला, "पहिला नंबर नरसिंह गुरुजींचा! मशीन अजून आलं न्हाई, बाँब अजून पडला न्हाई, पर गुरुजी गावातच हायत!"

संध्याकाळी गुरुजी घरात पडले होते. एक डोळा बंद, ओठ वांग्याएवढा. सरस्वतीबाई चिमट्यानं काटे काढत होत्या.

"गावानं ज्ञानोबाला खांद्यावर घरी नेलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यापायी केवढं सोसलं पोरानं!"

खरं तर गुरुजींना भरून आलं होतं. ते हळूच म्हणाले, "त्याला किती डंख?"

"एकेचाळीस."

"अन् मला?"

"नऊ."

गुरुजींनी सुजलेलं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"नीट मोज, सरस्वती! पाठीवर आणखी असतील!"