पाइप कुणाच्या टाकीत

"पप्पा, तुम्ही लहानपणी आबांना उलट बोलायचे का?"

हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी पैज शालू आणि श्रेयानं वर्गात लावली होती. दहावीत गेल्यापासून मेघाला कशाचीच भीती वाटत नव्हती. चुकली ती फक्त वेळ. आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं आणि इंद्रजीतराव खांद्यावर पाइप घेऊन गच्चीच्या जिन्यात होते.

"कधीच नाय," ते म्हणाले. "आमच्या घरात मोठ्यांसमोर तोंड उघडायची पद्धत नव्हती. तू पण आजपासून उघडायचं नाय."

खाली खुर्चीत बसलेले, वैजापूरहून आलेले आबा हसले. त्यामुळं इंद्रजीतराव जास्तच चिडले. गच्चीवर शेजारच्या करुणाकाकूंची आणि यांची अशा दोन काळ्या टाक्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. रागाच्या भरात त्यांनी पाइप काकूंच्या टाकीत सोडला आणि खाली येऊन मोटर लावली.

मेघानं हे जिन्यातून पाहिलं. "पप्पा, टाकी..."

"आत्ता काय सांगितलं?"

तिनं बोटानं वर दाखवलं. हातवारेसुद्धा उलट उत्तरातच धरतात, हे तिला तेव्हा कळलं. ती आईकडं गेली, तर पप्पांचं जरा ऐकत जा, असं म्हणून आईनं पुन्हा कणकेत हात घातला. शेवटी तिनं आबांच्या कानात सांगितलं.

"इंद्र्या," आबा म्हणाले, "पोरगी काय म्हणती बघ. पाइप चुकलाय."

"आबा, तुम्हाला इथल्या पाण्याचं काय कळतं? गप बसा ना जरा."

मेघाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण पैज जिंकूनही पाणी तिकडंच चाललं होतं.

नळ गेला आणि थोड्या वेळानं करुणाकाकू ताटलीत लाडू घेऊन दारात आल्या. सकाळीच त्यांची मोटर जळाली होती. आता आठवडा कसा काढायचा म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या, आणि गच्चीवर जाऊन बघतात तर टाकी काठोकाठ भरलेली.

"भाऊ, न सांगता भरून दिलीत. आजकाल कोण करतं एवढं?"

इंद्रजीतरावांनी गच्चीकडं पाहिलं, मग मेघाकडं. "शेजारधर्म आहे वहिनी," ते म्हणाले.

काकू गेल्या. आईनं कणकेचे हात धुवायला नळ सोडला, तो नुसता फुसफुसला. आई म्हणाली, जा आणि परत मागा. पप्पा म्हणाले, आता कोणत्या तोंडानं मागू? आबा काहीच बोलले नाहीत. त्यांना गप बसायला सांगितलं होतं.

मेघानं चपला घातल्या.

"पप्पा, तुम्ही लाडू खा. काकूंना खरं काय ते मी सांगणार आहे आणि अर्धी टाकी परत मागणार आहे. पाइप तर तिथंच आहे. तुम्हाला लई लाज वाटत असली, तर तोवर आतल्या खोलीत बसा."