आठवी गादी

"आठवी गादी मलाच मिळणार," असं निशिकांतराव रविवारी सकाळी तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा सुचित्राबाईंनी दुधाखालचा गॅस बारीक केला आणि विचारलं, "आणि नाही मिळाली तर?"

"न मिळायला काय झालं?"

गादीचं प्रकरण असं होतं. पुण्याची निशिगंधा दर जूनमध्ये आठ माणसांना हिमाचलातल्या एका आडबाजूच्या खोऱ्यात ट्रेकला न्यायची. सहा दिवस चालायचं आणि गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करायचा. शेवटच्या गावात पाहुणे ठेवणारं घर एकच, आणि त्या घरात गाद्या आठ. सात भरल्या होत्या. आठवीसाठी नाशिकचे एक वकील आणि सिंगापूरचे आपले निशिकांतराव असे दोन उमेदवार होते. गेल्या वर्षीही निशिकांतरावांचा नंबर हुकला होता, आणि कॉलेजातले दोन मित्र तिथले फोटो पाठवून वर्षभर त्यांच्या जखमेवर मीठ चोळत होते. यंदा काय वाट्टेल ते झालं तरी जायचंच, असा त्यांनी पण केला होता.

निशिगंधाची अट साधी होती. पाठीवर दहा किलो घेऊन पन्नासेक मजले न थांबता चढायचे, शेवटी धाप न लागता दोन मिनिटं बोलायचं, आणि या सगळ्याचा सलग व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा. सिंगापुरात डोंगर कुठून आणणार? पण हौगांगमधला त्यांचा ब्लॉक बारा मजली होता. जिना चार वेळा चढला की झाले अठ्ठेचाळीस.

सॅकमध्ये पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या भरून, पायात ट्रेकिंगचे बूट चढवून निशिकांतराव तयार झाले. व्हिडिओ काढायचं काम अवनीचं होतं. पण लिफ्ट सकाळपासून दुरुस्तीसाठी बंद आहे हे कळताच लेक सोफ्यावरूनच सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सो हॉट! कॅनॉट लाह!"

शेवटी सुचित्राबाईंनी पायात स्लिपर सरकवल्या आणि फोन हातात घेतला.

"मधे बोलायचं नाही हं. आवाज येतो," निशिकांतरावांनी बजावलं.

"मी कशाला बोलतेय?" सुचित्राबाई म्हणाल्या, आणि पहिल्या पायरीपासून बोलू लागल्या.

पहिली फेरी झकास झाली. दुसरीच्या सुरुवातीला खाली टॅन आँटी उभ्या होत्या. वय पंचाहत्तर, घर नवव्या मजल्यावर, हातात भलंमोठं कलिंगड. बूट घातलेला, पाठीवर ओझं घेतलेला माणूस पाहून त्यांचा चेहरा खुलला. लिफ्ट बंद म्हणून सामान पोचवायला माणूस ठेवलाय, असा त्यांचा समज झाला.

"अंकल, नाइन्थ फ्लोअर, कॅन?"

थोरामोठ्यांना नाही म्हणायचं निशिकांतरावांच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. शिवाय समजावून सांगायचं तर थांबावं लागणार, आणि थांबायची तर बंदी! त्यांनी चालता चालता कलिंगड घेतलं. पाचव्या मजल्यावर ते हातातून निसटू लागलं, तेव्हा सुचित्राबाईंनी ते काढून आपल्या कमरेवर घेतलं.

"अहो, समोर बघा. कलिंगडाचं मी बघते."

तिसऱ्या फेरीपर्यंत बातमी ब्लॉकभर झाली होती. रहीम अंकलनी अकराव्या मजल्यावरच्या बहिणीसाठी कढीपत्त्याची कुंडी दिली. कुणी धुण्याची पावडर दिली. देणारे निशिकांतरावांच्या हातात देत, आणि दोन मजल्यांत ते सामान सुचित्राबाईंकडे जाई. प्रत्येक दारात त्या चालता चालताच कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या सुनेची चौकशी करत होत्या.

चौथ्या फेरीला निशिकांतरावांचे पाय लटपटू लागले. नवव्या मजल्यावर टॅन आँटी बार्लीच्या पाण्याचा ग्लास घेऊन आडव्याच आल्या. "ड्रिंक फर्स्ट!" निशिकांतरावांनी तो चालत चालत घटाघट प्यायला. बाराव्या मजल्यावर कॅमेऱ्याकडे तोंड करून ते म्हणाले, "नमस्कार, मी निशि— हिक्!" पुढची दोन मिनिटं उचकीच बोलली.

"उचकी म्हणजे धाप नव्हे!" असं ठासून सांगत त्यांनी व्हिडिओ पाठवला.

संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"काका, उचकी माफ. पण चौथ्या फेरीत सातव्या मजल्यावर तुम्ही कठडा धरून अडीच मिनिटं उभे होतात."

"देखावा बघत होतो."

"समोर भिंत होती, काका. आणि त्यानंतर एक बांगड्यांचा हात तुमची सॅक खालून ढकलतोय."

निशिकांतरावांचं तोंड उतरलं. "म्हणजे नाशिकचे वकील?"

"त्यांनी तर लिफ्टमधून व्हिडिओ काढलाय. काका, तो हात कुणाचा?"

"आमच्या हिचा."

"काकू फटफट स्लिपर वाजवत, कलिंगड-कुंडी घेऊन, अठ्ठेचाळीस मजले एका हाताने शूटिंग करत चढल्या. आणि वाक्य एकदाही तुटलं नाही! आठवी गादी काकूंची. पाठवता ना त्यांना?"

निशिकांतरावांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की निशिगंधा खरं तेच बोलत होती. "आई, यू सो स्टेडी लाह!" अवनी ओरडली.

"मी? छे गं बाई, मला कुठलं जमतंय!" सुचित्राबाई पदराला हात पुसत फोनपाशी आल्या. "आणि तिथे मुक्कामाला गेल्यावर पोळ्या कुणी करायच्या?"

"कुणी म्हणजे? त्या घरच्या बायका करतात, काकू. तुम्ही नुसतं जेवायचं."

"भांडी?"

"त्याच घासतात."

"सहाही दिवस?"

"सहाही दिवस."

सुचित्राबाई दिवसभरात पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. जरा वेळाने फोन तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणाल्या, "निशिगंधा, यापेक्षा लांबचा ट्रेक नाही का गं एखादा?"