सासूबाई सोफियात आहेत

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की सणाच्या दिवशी घरातले सगळे मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवायचे. बस्स. यात माझं काय चुकलं ते आजवर कोणी मला पटवून दिलेलं नाही. बायकोने प्रयत्न केला, शेजाऱ्याने केला, सासूबाई तर अजून करतायत. पण मी ठाम आहे. मोबाइल जवळ असला की माझ्या रेडिओत घुर्रर्र होतं आणि वैमानिकाचं वाक्य मधेच तुटतं. वैमानिकाचं अर्धंच वाक्य ऐकणं म्हणजे अर्धी दाढी करून ऑफिसला जाणं. (एकदा गेलो होतो. त्याची कारणं वेगळी होती.)

मी जिवादिन. निश शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकून. आमचं घर विमानतळाच्या कुंपणाला इतकं लागून आहे, की विमान उतरलं की आमच्या दोरीवरचे कपडे वाळतात. लोक रेडिओवर फुटबॉल ऐकतात, मी वैमानिकांचं बोलणं ऐकतो. सुरुवातीला वाटायचं, ही माणसं तोंडात घास घेऊनच बोलतात की काय! पण मी सोडलं नाही. हळूहळू एकेक शब्द उलगडत गेला. आता मला सगळं कळतं. सगळं म्हणजे सगळं.

उदाहरणार्थ 'रॉजर'. लोकांना वाटतं, रॉजर म्हणजे हो. साफ चूक! रॉजर म्हणजे फक्त 'ऐकलं'. करीन असं सांगायचं असेल, तर वैमानिक 'विल्को' म्हणतात. संसारात इतका उपयोगी शब्द मला दुसरा सापडलेला नाही. माझी बायको देसांका म्हणते, "जिवादिन, तो नळ दुरुस्त कर." मी म्हणतो, "रॉजर." ती खूश, मी प्रामाणिक. (नळ अजून गळतोय. पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या घरी! असो.)

आता सणाचं सांगतो. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी दार सताड उघडं. आमचा संत निकोला. तो येतो डिसेंबरात, उपासाच्या दिवसांत, त्यामुळे मटण नाही, मासा. (उपासाला मासा चालतो. नियम मी केलेला नाही, पण मला तो मनापासून मान्य आहे.) त्या दिवशी यजमानाने खाली टेकायचं नसतं, दिवसभर उभं राहून वाढायचं. आणि घरातलं मोठं माणूस आल्याशिवाय सणाचा पाव मोडायचा नसतो.

इथेच सगळी गोम आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई, पर्सिदाबाई, व्हिएन्नाहून बसने निघाल्या, बस वाटेत बंद पडली, आणि इकडे आम्ही पाव मोडून मोकळे झालो. पाहुणे किती वेळ ताटकळत ठेवायचे? पण सासूबाई दारात आल्या, मोडलेला पाव बघितला आणि कोटही न काढता मागे फिरल्या. "माझ्यावाचून पाव गोड लागतो ना? लागू दे!" त्यानंतर त्या ह्या घरात आल्या नाहीत. दर सणाला देसांका एक खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्याकडे बघून डोळे पुसायची. मला ते बघवत नसे. (सासूबाईंशिवायचे सण तसे निवांत जायचे, पण बायको रडते म्हटल्यावर निवांतपणाला काय अर्थ?)

म्हणून यंदा मीच पुढाकार घेतला. बसच नको, भानगडच नको! मी त्यांना विमानाचं तिकीट पाठवलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. बघते."

देसांकाने मला बजावलं, "आई आल्याशिवाय पावाला हात लावायचा नाही. या वेळी काही झालं, तर ती मरेपर्यंत माझं तोंड बघणार नाही. कळलं?"

"रॉजर," मी म्हणालो.

सणाच्या दिवशी सकाळी बघतो तर बाहेर धुकं! समोरचं तिहोमिरचं घर दिसेना. तिहोमिर मात्र दिसला, कारण तो आमच्याच टेबलाशी बसला होता. आमचा हा शेजारी दर सणाला सर्वांत आधी येतो आणि राकिया दारूची बाटली संपली की जातो. त्याच्यामागून आणखी पाहुणे आले. भट्टीत भलामोठा कार्प मासा तयार झाला. मी काचेच्या गॅलरीत उभा, कानाशी रेडिओ. व्हिएन्नाचं विमान सकाळी एकच येतं. आणि आलं! आवाज ऐकू आला. मी हात वर केला. सगळे गप्प.

"खाली येतायत," मी सांगितलं.

देसांकाने एप्रन काढला, केस सारखे केले.

मग रेडिओ म्हणाला, 'गो अराउंड.'

"परत वर गेले," मी म्हणालो.

"का?" देसांकाचा चेहरा पडला. "वर का गेले? आई आहे त्यात!"

"अगं, धावपट्टी दिसली नाही की उतरायचा बेत सोडून पुन्हा वर जातात. रोजची गोष्ट आहे. घाबरण्यासारखं काही नाही."

"मग तू का घाबरलायस?"

"मी घाबरलेलो नाही. मी ऐकतोय."

विमान वर घिरट्या घालत राहिलं. इकडे मासा थंड होत राहिला. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले, कारण आमच्या गावात निम्म्या घरांत हाच संत आहे आणि माणसाला त्या दिवशी चार ठिकाणी जेवायचं असतं. तेवढ्यात वैमानिक म्हणाला, 'मिनिमम फ्युएल.' एवढं इंग्रजी तिहोमिरलाही कळलं.

"अरे देवा! पेट्रोल संपलं!" तो उठून उभाच राहिला. "पडणार!"



"तिहोमिर, तू गप्प बस!" मी कडाडलो. "मिनिमम फ्युएल म्हणजे संपलं नव्हे. आता आणखी उशीर परवडणार नाही, एवढाच अर्थ. आपल्या माशाचं कसं झालंय? तसंच."

तिहोमिरने माशाकडे पाहिलं. त्याला एकदम पटलं.

आणि मग आलं ते वाक्य, स्वच्छ, एकही घुर्रर्र नाही. विमान धुक्यामुळे सोफियाला चाललं होतं. सोफिया! बल्गेरियात! मी रेडिओ खाली ठेवला आणि एखादा मंत्री बोलतो तसा बोललो, "मंडळी, सासूबाई सोफियाला चालल्यात. तिथे उतरतील, मग कंपनी त्यांना बसने इकडे आणेल. संध्याकाळ उजाडणार."

"संध्याकाळ उजाडते का रे?" तिहोमिर म्हणाला.

"आज उजाडेल."

"विमानतळावर फोन करून विचार ना," देसांका रडवेली होऊन म्हणाली. "माझा मोबाइल दे."

"फोन कशाला? मी खुद्द वैमानिकाच्या तोंडून ऐकलंय! विमानतळावरच्या बाईला काय माहीत? तिला मीच सांगू शकतो."

"नक्की?"

"देसांका, माझ्या कानांवर तुझा विश्वास आहे की नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच पुढचं बोललो. "हे बघ, चूक धुक्याची. या वेळी आईंना आपल्याला बोल लावताच येणार नाही. उलट आपण संध्याकाळी त्यांच्यासाठी दुसरा मासा करू, दुसरा पाव भाजू. पण ही माणसं उपाशी बसलीयत ग."

पाहुण्यांनी उपाशी चेहरे केले. शेवटी देसांकाने डोळे पुसले आणि मान हलवली. आम्ही पाव फिरवला, त्यावर वाइन ओतली, मोडला. मग जे काय तुटून पडले लोक! माशाचं डोकं तिहोमिरने मागितलं. ते सासूबाईंचं आवडतं, दर वेळी त्यांच्याच ताटात जायचं. पण सोफियात बसलेल्या बाईला डोकं कसं पोचवणार? दिलं तिहोमिरला.

बघता बघता नुसते काटे उरले. माझे पाय मोडून आले होते. कोणी बघत नाही असं पाहून मी त्या रिकाम्या खुर्चीत क्षणभर टेकलो.

आणि दारावरची घंटा वाजली.

दारात सासूबाई. डोक्याला रुमाल, भुवयांवर दव, दोन्ही हातांत पट्ट्यापट्ट्यांच्या बोचक्यांसारख्या पिशव्या आणि काखेत कपडे धुण्याच्या पावडरचं भलंमोठं खोकं.

मी खुर्चीतूनच म्हणालो, "आई, तुम्ही सोफियात आहात."

(हे वाक्य नंतर गावभर झालं. होऊ दे. त्या क्षणी माझ्याजवळ असलेल्या माहितीनुसार ते शंभर टक्के बरोबर होतं.)

"मी बसस्टँडवर होते!" सासूबाई गरजल्या. "दोन तास! फोन लावून लावून बोटं झिजली. शेवटी पाववाल्याच्या गाडीत बसून आले, पावांच्या मांडीला मांडी लावून!"

"बसने आलात? मग विमान? मी तिकीट पाठवलं होतं!"

"त्या विमानात ही पावडर घेऊ देतात का? कॉफी? चॉकलेटं? विमान रिकाम्या हाताने येणाऱ्यांसाठी असतं, जावईबापू. मुलीच्या घरी मी रिकाम्या हाताने येऊ?"

"पण कळवायचं तरी!"

"कोणाला कळवू? तुमच्या घरातले सगळे मेले होते का?"

देसांका स्वयंपाकघरात गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती पांढराशुभ्र मोबाइल हातात घेऊन. तिने तो पुसला, चालू केला, आणि तो जो टिंगटिंग करत सुटला, तो थांबेचना. पडद्यावर एकाखाली एक न उचललेले फोन: आई, आई, आई, आई.

 सासूबाईंनी पावाच्या तुकड्यांकडे पाहिलं. माशाच्या काट्यांकडे पाहिलं. मग तिहोमिरच्या ताटात त्यांना ते डोकं दिसलं. तिहोमिरने त्यावर रुमाल टाकला, पण उशीर झाला होता.

"पुन्हा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा माझ्यावाचून."

देसांका रडायलाच लागली. "आई, जाऊ नकोस ग. तुझ्या पाया पडते, या वेळी जाऊ नकोस."

मी तिथेच सांगून टाकलं, आणि आजही सांगतो, "आई, रागवा, पण मी ऐकलं त्यातला एक शब्द चुकीचा नव्हता! विमान खरंच सोफियाला गेलंय. लावा फोन, विचारा! तुम्ही त्यात नव्हतात, याला माझा रेडिओ काय करणार?"

 सासूबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. रुमाल सोडला. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात त्यांनी कोट काढला.

"मागच्या वेळी तडकून गेले, तो माझाच मूर्खपणा," त्या म्हणाल्या. "उशिरा येते म्हणून पाव मोडतात काय? ठीक आहे. आता मी पुढच्या वर्षीच्या सणासाठी आत्ताच आले आहे. मोडा बघू माझ्यावाचून! उठा जावईबापू, ती खुर्ची माझी."

देसांका आईच्या गळ्यात पडली. हसतेय की रडतेय कळेना. मी उठलो. तिहोमिरने टाळ्या वाजवल्या. (त्या दिवसापासून मी त्याला राकिया मोजून देतो.)

तेव्हापासून सासूबाई आमच्याकडेच आहेत. रेडिओ फेकून द्यायचा ठराव घरात दोन विरुद्ध एक असा मंजूर झाला. मी म्हणालो, "रॉजर." रेडिओ अजून गॅलरीत आहे. ती खुर्चीही आता गॅलरीतच असते, फक्त रिकामी नसते, तीत सासूबाई असतात. त्यांनाही आता नाद लागलाय. रोज व्हिएन्नाचं परतीचं विमान धावपट्टीवर येतं, परवानगी मागतं, उडतं. मी मोठ्या आशेने ऐकत असतो. ते दिसेनासं झालं की सासूबाई चष्मा पुसत म्हणतात, "गेलं हो, जावईबापू. मी त्यात नाही."

मी शेजारी उभ्याउभ्याच म्हणतो, "रॉजर."